चुंबकाला न लागलेले

लेउवार्डनच्या दक्षिणेला, कालव्याच्या काठी
विटांची एक बुटकी इमारत आहे.
तिच्या मागच्या खोलीत वीत्स्के होक्स्ट्रा
एकवीस वर्षं राख चाळते.

आधी चुंबक.
दोरीला बांधलेलं, बशीएवढं.
ते फिरलं की पेटीचे खिळे उड्या मारून येतात,
स्क्रू येतात, बिजागऱ्या,
एखाद्या बुटाच्या टाचेची नाल.
लोखंड असंच, वीत्स्के म्हणते,
हाक मारली की ओ देतं
आणि खिडकी उघडी राहिली तर सकाळपर्यंत तांबडं होतं.

पेटीच्या जस्ती कड्यांचे मात्र थेंबच उरतात.
जस्ताला चारशे वीस अंशांपलीकडचं सोसत नाही.
एकदा एका नव्वदीच्या बाईंच्या राखेत
काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं सापडलं.
आता आणखी मूल नको, म्हणून कधीतरी आत ठेवलेलं,
मग सगळ्यांनीच विसरलेलं.
वीत्स्केने ते तांब्याच्या डब्यात टाकलं,
कुणाला काही सांगितलं नाही.

चुंबकाला जे लागत नाही, ते खरं काम.
तिथे हातच लागतो.
टायटॅनियम उचललं की कुणीतरी वजनात मारल्यासारखं वाटतं.
कोबाल्ट-क्रोमचं उलट,
लिंबाएवढा गोळा, पण तळहात खाली जातो.
निकेल तिला सोसत नाही.
पंधराव्या वर्षी स्वस्तातल्या रिंगांनी कान सुजले होते,
जीन्सच्या बटणाखाली अजून खाजतं,
युरोची नाणीसुद्धा नकोत, म्हणून पाववाल्याकडे ती कार्ड पुढे करते.
इथे ती दुहेरी हातमोजे घालते.

मंगळवारी आउके नाउता आले.
माक्कुमच्या कारखान्यात बावन्न वर्षं
पांढऱ्या फरश्यांवर निळं रंगवणारे.
शिडाची होडी, बर्फावर घसरणारा मुलगा, ट्युलिप.
हाडाचा चितारी म्हणतात ना, तसे.
शाळेच्या सहलीत वीत्स्के त्यांच्या कोपराशी उभी होती
आणि त्यांचा ब्रश बुडत होता
चुलीतल्या काजळीसारख्या गाळात.
यात निळं कुठंय, तिने विचारलं होतं.
आउके मान न उचलता म्हणाले,
हा कोबाल्ट आहे, पोरी.
आगीतून गेल्याशिवाय तो आपलं नाव सांगत नाही.
मग बाजूची वाटी दाखवली: आणि हे मँगनीज,
हे जांभळं होतं, पण जरा तोऱ्यात.

आता राखेतून त्यांच्या खुब्याचा गोळा निघाला.
कोबाल्टचाच, सोबतीला क्रोमियम.
तिने तो फडक्याने पुसला, खिडकीशी नेला.
नऊशे अंशांत सव्वा तास राहून आलेला,
आणि तसाच, चमच्यासारखा पांढुरका.
काचेत विरघळला तरच कोबाल्ट निळा होतो,
हे तिला माहीत नव्हतं असं नाही.
तरी तिने फिरवून, खालूनही बघितलं.

गोळ्याखालच्या दांडीकडे लक्ष मग गेलं.
टायटॅनियमची, वीतभर.
तिच्यावर आगीने रंग चढवला होता,
टोकाला गव्हासारखा, मध्ये जांभळा,
आणि मानेपाशी निळा.
माक्कुमचा नाही, जरा तेलकट,
पावसाळी रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतो तसला.
पण निळा.

नियम असा, की गोळा आणि दांडी वेगळी करायची.
दोघांचे डबे निराळे, भावही निराळे.
महिनाअखेरीला ट्रक येतो,
पुढे विमानाचं काही होतं, रस्त्याकडेचा कठडा होतो,
कदाचित पुन्हा कुणाचा तरी खुबा.
घरच्यांनी तशी सही दिलेली असते.
घरच्यांना जाते ती राख,
आणि रक्तातलं लोखंड त्या राखेतच राहतं,
फार तर एका खिळ्याइतकं.
तेवढं चुंबकालाही सापडत नाही.

वीत्स्केने हातोडी घेतली.
एक टोला. सांधा सुटला नाही.
तिने हातमोजा काढला, अंगठा त्या निळ्यावरून एकदा फिरवला,
आणि दुसरा टोला घातला.